सहावी-सातवीच्या मधली मी

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. विटांची नव्हे, लाकडाची, आणि तीही घडी होणारी. शाळेच्या कागदपत्रांत माझे नाव 'पार्टिशन' असे आहे. आमचे शिपाईमामा रागात असले की मला 'फळकुटं' म्हणतात. पण मी स्वतःला भिंतच समजते. जिच्या एका बाजूला सहावी बसते आणि दुसऱ्या बाजूला सातवी, तिला भिंत नाही म्हणायचे तर काय म्हणायचे?

आमची शाळा सरकारी आहे, पाचवी ते आठवीची, दुमजली. तिच्या एका अंगाला बेकरी आहे आणि दुसऱ्या अंगाला टायरचे दुकान. त्यामुळे सकाळी वर्गात पाव भाजल्याचा वास असतो आणि दुपारी तापलेल्या रबराचा. समोर बसथांबा आहे. बस थांबली की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि मुले वहीत काढलेली सरळ रेघ खोडून पुन्हा काढतात. मी वरच्या मजल्यावर राहते. मला आठ फळ्या आहेत, फळ्यांना पितळी बिजागऱ्या आहेत, आणि पायाखाली लहान लहान चाके आहेत, ती जमिनीतल्या लोखंडी रुळावरून सरकतात. सहावीच्या बाजूने मी हिरवी आहे आणि सातवीच्या बाजूने पिवळी, कारण रंगाऱ्याचा हिरवा डबा अर्ध्यावरच संपला. मी हिरवी की पिवळी यावरून एकदा मधल्या सुट्टीत दोन वर्गांची जुंपली होती. मला फार गंमत वाटली, कारण दोघांचेही बरोबर होते.

मला एका सुताराने आणि त्याच्या मेहुण्याने घडवले. सुतार कामाला चोख होता, मेहुणा बोलण्यात. माझ्या तिसऱ्या फळीत एक मोठी काळी गाठ होती. सुताराने ती फळी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि ठरवले की गाठ वर, छताजवळ जाईल अशी फळी लावायची, म्हणजे कोणाचा हात तिथपर्यंत पोचणार नाही. ठरवून तो चहा प्यायला गेला. तेवढ्यात मेहुण्याने गप्पा मारत मारत ती फळी उलटी ठोकली. सुतार परत आला तेव्हा गाठ खाली होती, बाकावर बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर.

"अहो, हे काय करून ठेवलंत?" सुतार म्हणाला.

"राहू द्या हो, भावोजी. कोणाच्या लक्षात येणार आहे?"

सुताराने कपाळावर हात मारला आणि बिजागऱ्या बसवायला घेतल्या. ही चूक मी जन्मभर अंगावर वागवली आहे, आणि तिच्याबद्दल मला आज जे वाटते ते मी शेवटी सांगणार आहे.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. कोणी एक साहेब उद्घाटनाला आले होते. शिपाईमामा तेव्हा तरुण होते. त्यांनी एका हाताने मला ढकलले, आणि दोन वर्गांचा एक मोठा हॉल झाला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. तेव्हापासून शाळेचा रिवाज पडला. परीक्षा आली की माझी घडी करायची, म्हणजे दोन्ही वर्गांवर एकाच शिक्षकाला लक्ष ठेवता येते. परीक्षा संपली की मला पुन्हा उलगडायचे.

आता एक गुपित सांगते. घडी झाली की मी झोपते. माझ्या फळ्या एकमेकींच्या अंगाला टेकतात, हिरव्याला हिरवे आणि पिवळ्याला पिवळे लागते, आणि मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. त्यामुळे इतक्या वर्षांत मी या शाळेत एकही परीक्षा पाहिलेली नाही. मुले पेपर पाहून रडतात म्हणे. मी ते फक्त नंतर ऐकले आहे.

एरवी मी दिवसभर अर्धवट जागी असते. एका बाजूने बाईंचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूने सरांचा, आणि दोन्ही माझ्या लाकडात मिसळतात. त्यामुळे माझे ज्ञान थोडे निराळे आहे. मला माहीत आहे की एका राजाने तीन पंचमांश सैन्य घेऊन नदी ओलांडली आणि उरलेल्या दोन पंचमांशांना विशेषण म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, कारण तिचा छेद समान आहे. दुपारी ऊन खिडकीतून आत येऊन बाकांवर पसरते, खडूची धूळ त्यात हळूहळू तरंगते, दोन्ही वर्गांचे डोळे जड होतात, आणि मला खरोखर वाटू लागते की सगळे धडे मुळात एकच आहेत, माणसांनी उगाच मध्ये मला उभे केले आहे.

पुढे वर्षे गेली आणि माझ्या वाट्याला यायचे ते आले. कंपासची टोके, च्युइंगगम, बाणाने भेदलेले बदाम. चौथ्या फळीची बिजागरी गंजली. रंग तर कोणी पुन्हा दिलाच नाही. आणि एका उन्हाळ्यात ती तिसऱ्या फळीतली गाठ वाळून टपकन खाली पडली. तिच्या जागी रुपयाच्या नाण्याएवढे भोक राहिले. मुलांना तर घबाडच सापडले. त्यातून चिठ्ठ्या गेल्या, पेन्सिली गेल्या, एकदा एक घाबरलेला नाकतोडाही गेला. शिक्षकांनी त्यात कागदाचे बोळे कोंबले. बोळे दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले नाहीत. हा खेळ कित्येक वर्षे चालला आणि मी मुकाट्याने सोसला.

मग ते वर्ष आले, ज्यासाठी मी तुम्हाला हे सगळे सांगते आहे.

शाळेत दोन जुळ्या बहिणी होत्या. एक दुसरीहून दहा मिनिटांनी मोठी, म्हणून सगळी शाळा त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. धाकटीही थोरलीला 'ताई' म्हणायची, आणि थोरली त्या दहा मिनिटांचा मोठेपणा पुरेपूर गाजवायची. पाचवीपासून दोघी एकाच बाकावर बसत आल्या होत्या.

दोघी सहावीत असताना त्यांची आई जिन्यावरून पडली आणि तिचा पाय मोडला. आई कपडे शिवणाऱ्या कारखान्यात कामाला होती. वडील मालाचा टेम्पो चालवत, ते सकाळी जात ते दिवे लागल्यावर येत. घरी एक तान्हा भाऊ. कोणीतरी घरी राहणे भाग होते. थोरली म्हणाली, "मी मोठी आहे, मी राहते." ती तीन महिने शाळेत आली नाही. वार्षिक परीक्षेला बसायला हजेरी पुरेशी भरली नाही, आणि निकाल लागला तेव्हा धाकटी सातवीत गेली आणि थोरली सहावीतच राहिली.

शाळा उघडली त्या दिवशी धाकटी थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "मलापण सहावीत बसवा," ती म्हणाली. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले आणि विचारले, "पास झालेलं कोणी नापास करून मागतं का?" मग शिपाईमामा तिला हाताला धरून सातवीत घेऊन आले. हे त्या दिवशी दोन्ही वर्गांत चघळले जात होते, म्हणून मला कळले. वर्गात धाकटीने एकच गोष्ट केली. तिने माझ्या तिसऱ्या फळीजवळचा बाक पकडला. पलीकडे, सहावीत, थोरलीने आधीच तिसऱ्या फळीजवळचाच बाक पकडला होता.

तिसऱ्या दिवशी सहावीकडून, हिरव्या बाजूने, बोटाच्या पेराने दोन टकटक झाल्या. पिवळ्या बाजूने पेन्सिलीची एक टकटक आली. मग थोरलीचा कान भोकाला लागला. तिचा कान गार असायचा, सकाळी कपडे धुऊन आलेली असायची ना ती.

त्या दिवसापासून धाकटी सरांचे प्रत्येक वाक्य पुस्तकाआडून हळू आवाजात पुन्हा म्हणू लागली. सातवीचे सर गणित आणि विज्ञान शिकवत. उंच, खरखरीत आवाजाचे, एकदा सांगितलेले दुसऱ्यांदा न सांगणारे. सरांचे अर्धे बोलणे माझ्या लाकडातून थोरलीपर्यंत पोचायचे आणि उरलेले अर्धे धाकटी पोचवायची. इतर विषयांच्या तासांनाही हेच. घरी पुस्तक होते, पण घरी संध्याकाळी थोरली पोळ्या लाटायची, धाकटी भावाला खेळवायची, आणि समजावून सांगणारे कोणी नव्हते. एकदा खालच्या आवाजात धाकटीने विचारले, "ताई, कंटाळा नाही येत तुला?"

"येतो की. पण सहावीचं सगळं मी आईच्या उशाशी बसून वाचलंय. तेच परत ऐकायचा जास्त येतो."

मग पुन्हा दोन टकटक, म्हणजे 'चालू दे'.

सहावीच्या बाई भाषा शिकवत. बाईंचा स्वभाव इतका मऊ की त्यांचा ओरडाही विनंतीसारखा वाटायचा. त्यांना तिसऱ्या फळीला डोके टेकून बसलेली ही मुलगी रोज दिसत होती. पण त्या तिला काही बोलत नसत. का, ते मला पुढे कळले.

आता गंमत ऐका. एका दुपारी सरांनी गणित घातले. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? कोणी 'सोळा' म्हणाले, कोणी 'आठ'. धाकटी वही चाचपत होती. एवढ्यात माझ्यातून आवाज आला, "तीन तास."

सर खडू घेऊन वळले. "कोण बोललं?"

कोणीच हात वर केला नाही. धाकटीने मान खाली घातली. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, भिंत बोलली."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण फळ्यावर त्यांनी 'तीन तास' लिहिले. दोन दिवसांनी पुन्हा तसेच झाले. मग तिसऱ्यांदा. आठवड्याभरात सातवीची खात्री पटली की ही भिंत गणित जाणते. मुले मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन गृहपाठाची उत्तरे विचारू लागली. एक जण तर माझ्या पाया पडला. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मी हुरळून गेले. थोरलीची कुजबूज आणि माझी गुंगी यांतले अंतर मला तेव्हा नीट कळत नव्हते. इतकी वर्षे ऐकते आहे, म्हटले, येत असेल मलाही. हौद, नळ, वाहते पाणी मला डोळ्यांसमोर दिसू लागले. 'भिंत बोलली' हे शब्द मी दिवसभर मनात घोळवत राहिले.

माझा हा भ्रम एका गुरुवारी फुटला. सहावीत बाईंनी निबंध लिहायला दिला होता. वर्ग चिडीचूप होता. सातवीत सरांनी विचारले, "उणे तीनातून दोन वजा केले तर?"

"उणे एक!" सातवी एका सुरात ओरडली.

"चूक. विचार करा."

"उणे एकच, सर!"

थोरलीचा कान भोकाला होता. तिला राहवले नाही. शहाण्या विद्यार्थ्यासारखी ती ताडकन उभी राहिली, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "उणे पाच, सर!"

निबंध लिहिणाऱ्या सहावीने माना वर केल्या. बाईंच्या वर्गात उभे राहून, सरांना हाक मारून, तिने पलीकडच्या वर्गाचे उत्तर दिले होते. तिचे तिलाच कळले तेव्हा तिचे तोंड उतरले, पण बसायचे तिला सुचेना. मी काही तोंड उघडलेले नव्हते, हे मलाही त्याच क्षणी कळले.

सरांच्या चपलांचा आवाज व्हरांड्यातून वळसा घालून सहावीच्या दारात आला.

"बाई, माफ करा. ही माझी विद्यार्थिनी आहे का?"

"नाही हो. माझी आहे." बाई उठल्या. "काय केलं तिनं?"

"केलं काही नाही. उत्तर दिलं. आठवडाभर देतेय."

सरांनी भोक पाहिले, थोरलीचा लाल झालेला कान पाहिला. बाईंनीही पाहिला. बाई जवळ आल्या आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, मला वाटायचं तू झोपतेस. घरचं सगळं करून येतेस, दमत असशील, म्हणून मी कधी उठवलं नाही तुला."

थोरली रडू लागली. पलीकडे, पिवळ्या बाजूला, धाकटीही रडत होती. मला दोन्हीकडून ऐकू येत होते.

प्रकरण मोठ्या बाईंकडे गेले. त्या स्वतः वर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्या काही वाईट नव्हत्या. चारशे मुलांची शाळा चालवता चालवता त्यांच्या नाकीनऊ आले होते, एवढेच.

"हिला सातवीत बसवा," सर म्हणाले. "तिला येतंय."

"हजेरीचा नियम आहे. तिला सोडलं तर उद्या दहा जण दारात उभे राहतील. आणि हे भोक! या पार्टिशनमधून इकडचं तिकडे ऐकू जातं, हे मी चार वर्षं वर कळवतेय. विटा आल्यात. सहामाही सुट्टीत इथे पक्की भिंत बांधायची आहे."

"मग त्याआधी परीक्षा घ्या तिची," बाई म्हणाल्या. एरवी त्यांचा आवाज चढत नसे, आज थोडा चढला होता.

मोठ्या बाई खिडकीपाशी गेल्या. खाली अंगणात विटांची रास होती, शिपाईमामांनी तिच्यावर ताडपत्री घातली होती.

"ठीक आहे. सहामाहीला तिने सातवीचे पेपर द्यावेत. सगळे विषय. पास झाली तर सातवीत. नाही झाली तर वर्षभर या विषयावर माझ्याकडे कोणी यायचं नाही."

अशी ती गोष्ट ठरली. थोरली पास झाली तर बहिणीच्या बाकावर जाणार, आणि नाही झाली तर सहावीतच राहणार, त्यातही मध्ये पक्क्या विटा. माझी काळजी मी तेव्हा केली नाही असे म्हणवत नाही. पण खरे सांगते, जास्त काळजी त्या गार कानाची होती.

तीन आठवडे उरले होते. सर आता मुद्दाम माझ्याजवळ उभे राहून शिकवू लागले. जे वाक्य ते जन्मात दोनदा म्हणाले नव्हते, ते दोनदा म्हणू लागले, आणि दुसऱ्यांदा म्हणताना माझ्याकडे तोंड करून. बाईंनी थोरलीला निबंधातून सूट दिली आणि तिच्या बाकावर कोणी गोंधळ घालणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घेतली. सातवीच्या मुलांना आता भिंतीचे गुपित कळले होते, पण ती माझ्यावर रागावली नाहीत. उलट मराठीची कविता ती जरा जास्तच मोठ्याने म्हणू लागली.

परीक्षेला चार दिवस राहिले आणि एका सकाळी दोन टकटक आल्याच नाहीत. धाकटीने पेन्सिल वाजवली. उत्तर नाही. पुन्हा वाजवली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामे झाले तेव्हा तिने भोकाला तोंड लावले.

"ताई, आहेस ना तिथे? तुझी वेणी दिसतेय मला."

"नको आता. बंद कर."

"का?"

"नाही जमणार मला. भूगोल सगळा राहिलाय. आणि मी नापास झाले ना, तर आई काय करेल माहितीये? काही बोलणार नाही. नुसती पायाकडे बघत बसेल."

खाली मुलांचा कलकलाट चालला होता, बेकरीतून पत्र्याचे ट्रे आपटल्याचे आवाज येत होते.

"तीन महिने तू घरी राबलीस," धाकटी म्हणाली. "मी आयतं जेवून शाळेत यायचे. घास गिळायचा नाही मला, पण तुला सांगितलं नाही कधी. आता मला काही करता येतंय, तर तू बंद कर म्हणतेस."

"रडू नकोस गं."

"मी नाही रडत. मला एकटीला बसायचा कंटाळा आलाय. तो शेजारचा माझ्या वहीवर कोपर ठेवतो. कोपर ठेवून झोपतो."

थोरलीला हसू आले. हसता हसता तिने नाक पुसल्याचा आवाज आला. मग माझ्या हिरव्या अंगावर दोन टकटक झाल्या.

"नद्यांपासून सुरू कर," ती म्हणाली.

त्या चार दिवसांत मला किती नद्या, किती वारे आणि किती पर्वत ऐकू आले! मी त्यांतली एकही नदी विशेषणात मिसळू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी टक्क जागी राहिले.

परीक्षेची सकाळ आली. शिपाईमामांनी तेलाची बाटली आणली, माझ्या बिजागऱ्यांत तेल सोडले, आणि मला ढकलायला घेतले. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या.

"तिचा बाक मध्ये ठेवा," त्या म्हणाल्या. "ना इकडे, ना तिकडे."

पहिली फळी मिटली. दुसरी मिटली. मला थांबायचे होते. चौथ्या फळीच्या गंजक्या बिजागरीने मी जोर लावून पाहिला, पण मामांनी खांदा लावला आणि ती करकरत वळली. तिसऱ्या फळीचे भोक बंद होता होता मला शेवटचे दिसले ते एवढेच. माझ्या रिकाम्या रुळावर, दोन वर्गांच्या मधोमध, एक बाक ठेवला होता. त्यावर थोरली बसली होती, पेन हातात धरून, आणि तिच्या दोन्ही बाजूंना टेकायला काहीही नव्हते.

मग मला झोप लागली.

त्या झोपेत मी जे पाहिले ते अजून आठवते. हॉलमध्ये एक मोठा हौद होता आणि दोन नळ सुटले होते. पाणी बाकांच्या पायांना लागले, मग बाक हळूहळू तरंगू लागले. एका बाकावर सुतार बसला होता, एकावर त्याचा मेहुणा, अजून बोलतच होता. एक राजा पाण्यातून चालत आला आणि त्याने अदबीने विचारले, उरलेले सैन्य कुठे बसवू? एक बाई पाय लांब करून शिवणयंत्र चालवत होती आणि तिच्या सुईखालून नद्या निघत होत्या, एकामागून एक, निळ्या. या सगळ्यात एक बाक मात्र तरंगत नव्हता. तो रुळावर घट्ट होता. त्यावरच्या मुलीला मी उत्तर सांगायला तोंड उघडले, तर मला तोंडच नव्हते. मला तर एकही उत्तर येत नव्हते. येत होते ते तिलाच.

जाग आली ती मामांच्या धक्क्याने. परीक्षा होऊन गेली होती, सहामाही सुट्टीही संपली होती. हवा गार झाली होती. मामा कोणा गवंड्याशी बोलत मला उलगडत होते.

"आणि त्या विटा?" गवंडी विचारत होता.

"बस मागे घेताना कंपाउंडची भिंत पडली ना. तिकडे लागल्या सगळ्या. हिचं आता पुढच्या सुट्टीत बघू म्हणाल्यात मोठ्या बाई."

म्हणजे मी अजून होते. पण मला तेव्हा ते मोठे वाटले नाही. मला एकच जाणून घ्यायचे होते, आणि ते मला सांगणार कोण? मामांना तरी काय माहीत, की मी परीक्षेत झोपले होते!

घंटा झाली. मुले आत आली. दोन्हीकडे एकदमच हजेरी सुरू झाली आणि दोन्हीकडचे आकडे नेहमीसारखे माझ्यात मिसळले. मी हिरव्या बाजूला सगळे ध्यान लावून बसले. थोरली तिथे असेल तर दोन टकटक येतील. तिसऱ्या फळीला पाठ टेकली, पण ती पाठ रुंद होती, आणि तिच्या मालकाने बाक पुढे ओढून पाठ काढूनही घेतली. मग काहीच नाही. पहिला तास गेला. मला भलभलते वाटू लागले. ती नापास झाली असेल आणि दूरच्या बाकावर जाऊन बसली असेल. किंवा शाळेतच आली नसेल, पोळ्या लाटत असेल, आणि आई पायाकडे बघत असेल. माझ्या आठही फळ्या जड झाल्या. दुसरा तास अर्धा झाला तरी हिरवी बाजू गप्प होती.

तेव्हा दोन टकटक झाल्या. बोटाच्या पेराने. पिवळ्या बाजूने.

लगेच त्यांच्या शेजारीच पेन्सिलीची एक टकटक झाली, आणि पाठोपाठ दोघींच्या दाबलेल्या हसण्याने माझी तिसरी फळी थरथरली. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला. मी लाकडाची आहे म्हणून, नाहीतर मी तिथेच रडले असते.

सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी प्रश्न विचारला. खणखणीत आवाजात उत्तर आले, आणि ते बरोबर होते. सर वळलेही नाहीत.

"भिंत बोलली वाटतं," ते म्हणाले, आणि सगळी सातवी हसली. त्या हसण्यात मला सरांचा खरखरीत आवाजही ऐकू आला.

भोक काही रिकामे राहिले नाही. महिन्याभरातच त्या रुंद पाठीच्या मुलाने त्याला कान लावला. त्याला अपूर्णांक कळत नव्हते. थोरली आता त्याला मधल्या सुट्टीत पिवळ्या बाजूने समजावते, आणि तो चुकला की दहा मिनिटांचा मोठेपणा त्याच्यावरही गाजवते.

पुढच्या सुट्टीत विटा येतील. त्या आल्याच पाहिजेत, हे मलाही पटते. माझ्या बिजागऱ्या थकल्या आहेत आणि दोन वर्गांचा गलबला मुलांना खरोखर त्रास देतो. मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. एखादी फळी कपाटाला लागली तर लागली. पण ज्या मुलीने हात वर केलेला नाही, जी डोके टेकून झोपल्यासारखी दिसते, ती कुठे कान लावून बसली आहे ते एकदा जवळ जाऊन पाहत जा.

आणि नवी भिंत बांधायला गवंडी येईल तेव्हा त्याला बोलण्यात गुंतवणारा एखादा मेहुणा मिळाला, तर त्या मेहुण्याला चहाला पाठवू नका. गवंड्याच्या हातून एक वीट चुकू द्या. भोक फार मोठे नको. बाकावर बसलेल्या मुलाच्या कानाच्या उंचीवर असले, म्हणजे पुरे.